न उतरलेले हिम : प्रस्तावना

१

हिवाळ्याच्या ऐन भरात, अंगात कापरे भरवणारा वारा सुटलेला असताना, अभ्रांनी सारे आकाश झाकोळून टाकलेले असताना आणि तापमापकातील पारा शून्याच्या वर जेमतेम एक-दोन अंशांवर घुटमळत असताना, जी वृष्टी हिमाच्या रूपाने उतरणार अशी सर्वांची खात्री झालेली असते, ती पुष्कळदा नुसता गार, बोचरा पाऊस होऊन कोसळते आणि निघून जाते. शिमल्याच्या रिजवर हिम पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून गेलेले प्रवासी, टोरांटोत किंवा न्यू जर्सीत बिऱ्हाड थाटलेली मराठी कुटुंबे आणि जानेवारीत आभाळाकडे डोळे लावून बसलेले कोटगढचे सफरचंदांचे बागाईतदार या सर्वांना हा अनुभव सारखाच परिचयाचा आहे. आणि त्या वेळी त्या सर्वांच्या तोंडी येणारा प्रश्नही एकच असतो, की इतकी थंडी पडली असताना या पावसाचे हिम का झाले नाही? प्रस्तुत पुस्तक या एका प्रश्नापुरते आहे. प्रश्न दिसायला किरकोळ, परंतु त्याची तड लावावयाची तर ढगाच्या गाभ्यापासून जमिनीवरच्या विजेच्या तारेपर्यंत आणि ग्रीनलंडपासून पुण्यापर्यंत फेरफटका करणे प्राप्त होते.

मात्र उत्तराला हात घालण्यापूर्वी प्रश्नाचीच दुरुस्ती करून घेतलेली बरी. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात अशी कल्पना रुजलेली असते, की ढगातून प्रथम पाणी सुटते, ते खाली येता येता वाटेत थंडी भेटली तर त्याचे हिम होते आणि न भेटली तर ते पाऊसच राहते. ही कल्पना इतकी स्वाभाविक आहे की तिच्याबद्दल शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही. आणि तरीही ती उलटी आहे. समशीतोष्ण कटिबंधात आणि हिमालयाच्या मुलुखात हिवाळ्यात जो पाऊस पडतो, त्याचा बहुतांश वर, ढगाच्या थंड भागात, हिमच असतो. खाली येताना तो वितळतो आणि आपल्या छत्रीवर थेंब होऊन पडतो. फार कशाला, मराठवाड्यात आणि विदर्भात मे महिन्यातल्या वळवाचे जे टपोरे थेंब तापलेल्या मातीवर आदळतात, त्यांतलेही पुष्कळसे पाच-सहा किलोमीटर उंचीवर बर्फाच्या रूपात होते. कोकणातल्या बुटक्या ढगांतून झिमझिमणाऱ्या आषाढसरी तेवढ्या जन्मापासून पाणीच असतात. तेव्हा पावसाचे हिम का झाले नाही असे न विचारता, हिमाचा पाऊस कोठे आणि कशामुळे झाला, असे विचारावयास हवे. एकदा वितळून थेंब झालेले पाणी पुन्हा हिम होणे नाही, कारण हिमस्फटिक हा पावसाच्या थेंबापासून घडतच नाही. तो हवेतील बाष्पापासून, अणूरेणूंनी, आपल्या सहा बाहूंसह थेट बांधला जातो. वितळताना ती सारी रचना मोडते, आणि नंतर तो थेंब गोठला तरी त्याची गोळी होते, हिम होत नाही. पुढील सर्व विवेचनाचा पाया एवढाच आहे.

२

हिमाच्या जन्माची कथा ज्या गोष्टीपासून सुरू होते ती प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटावी अशी आहे. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेत शिकलेले वचन आपण इतके प्रमाण मानतो, की ते अर्धसत्य आहे हे ऐकून धक्का बसतो. बर्फ शून्य अंशाला वितळते हे निरपवाद खरे. परंतु पाण्याने शून्य अंशाला गोठलेच पाहिजे असा निसर्गाचा शिरस्ता नाही. ज्याच्या नावाचा तापमापक पुढे प्रसिद्धीस आला, त्या फॅरनहाइटने १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात असे नोंदवून ठेवले, की बंद काचपात्रातील पाणी गोठणबिंदूच्या बरेच खाली नेले तरी ते पाणीच राहू शकते आणि त्या शांततेत व्यत्यय आला म्हणजे क्षणार्धात त्याचे बर्फ होते. या अवस्थेतील पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. ढगातील सूक्ष्म थेंब, ज्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो, ते तर उणे दहा, उणे पंधरा, प्रसंगी उणे वीस अंशांनाही खुशाल द्रवरूपात तरंगत राहतात; आणि अगदी शुद्ध पाण्याचा थेंब असला तर सुमारे उणे अडतीस अंशांपर्यंत तो दाद देत नाही.

याचे कारण असे, की बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंनी एका ठरावीक रचनेत उभे राहावे लागते आणि ती रचना प्रथम पुरेशा मोठ्या संख्येने जमावी लागते; तसे न झाले तर जमलेले रेणू पुन्हा पांगतात. थेंब जितका लहान तितका असा योग विरळा. म्हणून गोठण्याला आरंभ करून देणारा एखादा परका कण लागतो. वाळवंटातून उडालेली धूळ, मातीतील फेल्डस्पार आणि केओलिनाइट यांसारखी खनिजे, वनस्पतींच्या पानांवर वाढणारे काही जिवाणू यांच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू त्या रचनेत सहज मांडले जातात. परंतु असे कण दुर्मिळ असतात : उणे वीस अंशांच्या सुमारास एक लिटर हवेत त्यांची संख्या ठोकळमानाने एक, तर तेवढ्याच हवेत ढगाचे थेंब लाखाच्या घरात. म्हणजे लाखभर थेंब द्रवरूपात ताटकळत आहेत आणि त्यांच्यात एखादाच हिमकण आहे, अशी हिवाळी ढगाची नेहमीची स्थिती असते.

या एकट्या हिमकणाच्या हाती सारी सूत्रे कशी जातात, हे प्रथम १९११ साली आल्फ्रेड व्हेगेनर याने सुचविले. भूखंडे सरकतात या सिद्धान्तामुळे जगाला ठाऊक झालेला आणि १९३० साली ग्रीनलंडच्या हिमात देह ठेवलेला हा संशोधक मूळचा वायुमंडलाचा अभ्यासक होता. अतिशीत पाण्यावरील संपृक्त बाष्पदाबापेक्षा त्याच तापमानाच्या बर्फावरील बाष्पदाब कमी असतो, ही गोष्ट त्याने ध्यानात घेतली. तिचा परिणाम असा, की ज्या हवेत थेंब जेमतेम टिकून राहतात ती हवा हिमकणाच्या दृष्टीने बाष्पाने ओसंडत असते. हिमकण ते बाष्प ओढून घेतो, हवा कोरडी पडू लागते, ती तूट भरून काढण्यासाठी थेंबांची वाफ होते आणि तीही हिमकणाच्याच वसुलात जमा होते. हा दोन दाबांमधला फरक उणे बारा अंशांच्या आसपास सर्वाधिक असतो.

पुढे १९२२ च्या हिवाळ्यात स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बेरयेरोन हा ऑस्लोजवळच्या व्होक्सेनकोलेन या टेकडीवर मुक्कामास असताना सूचिपर्णी झाडांच्या राईतून जाणाऱ्या वाटेवर फिरावयास जात असे. हवा शून्याच्या वर असली म्हणजे धुके राईत जमिनीपर्यंत भरलेले असते, पण ती उणे पाच ते उणे दहा अंशांपर्यंत उतरली म्हणजे तीच वाट स्वच्छ होते आणि धुके झाडांच्या वर राहते, असे त्याच्या नजरेस आले. फांद्यांवर साचलेला बर्फाचा थर धुक्याच्या थेंबांतील बाष्प ओढून घेत होता. व्हेगेनरने कागदावर मांडलेला व्यवहार येथे डोळ्यांदेखत चालला होता. बेरयेरोनने १९३३ मध्ये लिस्बन येथील परिषदेत आपला सिद्धान्त मांडला, १९३८ मध्ये वाल्टर फिंडायझेनने त्याला गणिताची आणि प्रयोगांची जोड दिली, आणि तेव्हापासून थंड प्रदेशातील बहुतेक पाऊस मुळात हिम असतो हे विज्ञानाने मान्य केले. १९४६ साली व्हिन्सेंट शेफर याने विमानातून घन कार्बन डायऑक्साइडचे तुकडे टाकून मॅसॅच्युसेट्समधील एका अतिशीत ढगाचे हिम करून दाखविले, तेव्हा या मान्यतेला प्रत्यक्षाचा दाखलाही मिळाला.

यातून आपल्या प्रश्नाचे एक उत्तर आताच हाती येते, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ढग उथळ असला, त्याचा माथा उणे आठ-दहा अंशांपेक्षा अधिक थंड नसला, तर हिमकण निर्माण करणारे परके कण त्या तापमानाला निष्क्रिय राहतात. मग थेंब एकमेकांवर आपटून वाढतात आणि अतिशीत तुषारांचा रिमझिम पाऊस पडू लागतो. जमिनीपासून ढगाच्या माथ्यापर्यंत कोठेही तापमान शून्याच्या वर नाही, आणि तरीही हिमाचा मागमूस नाही! १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉन गावाजवळ एक प्रवासी विमान अशाच अतिशीत तुषारांत घिरट्या घालीत असता पंखांवर बर्फ साचून कोसळले आणि त्यातील सर्वच्या सर्व ६८ माणसे दगावली. त्यानंतर या तुषारांची तहकीकात हा विमानविद्येतील स्वतंत्र विषय झाला.

३

परंतु बहुतेक वेळा ढग पुरेसा उंच असतो आणि त्यात हिम यथास्थित तयार होते. त्याचा घात होतो तो उतरणीवर. साधारणपणे दर किलोमीटर उंचीला सुमारे साडेसहा अंशांनी हवा थंड होत जाते, आणि जेथे ती नेमकी शून्य अंशांवर येते त्या पातळीच्या खाली हिमाच्या वितळण्यास प्रारंभ होतो. प्रारंभ असे मुद्दाम म्हटले, कारण हिम तेथे एकदम वितळून जात नाही. हिमाचे पुंजके सेकंदाला सुमारे एक मीटर अशा संथ गतीने उतरतात, त्यांना वितळायला उष्णता लागते, ती सभोवारच्या हवेतून हळूहळूच मिळते, आणि एवढ्या अवधीत ते आणखी दोन-तीनशे मीटर खाली येऊन पोहोचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हवामानाच्या निरीक्षणासाठी रडार वापरात आले तेव्हा शून्य अंशाच्या पातळीच्या जरा खाली एक तेजस्वी पट्टा पडद्यावर वारंवार उमटलेला दिसू लागला. तो या वितळत्या हिमाचा होता : पुंजके अजून आकाराने मोठे, पण त्यांच्या अंगावर पाण्याचा लेप चढलेला, त्यामुळे त्यांच्यावरून रडारच्या लहरी जोराने परावर्तित होत होत्या. त्या पट्ट्याच्या खाली पुंजक्यांचे थेंब होतात, ते वेगाने पडून विरळ होतात आणि तेज ओसरते. हिम आणि पाऊस यांच्या मधली सरहद्द माणसाला प्रथम त्या पडद्यावर दिसली.

ही सरहद्द डोंगरावर कशी उतरते याचा नमुना म्हणून शिमला शहर घेता येईल. रिजची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर आणि तिच्या माथ्यावर उभ्या असलेल्या जाखू टेकडीची सुमारे २,४५० मीटर. म्हणजे दोहोंच्या तापमानात सर्वसाधारणपणे दीड अंशाचा फरक. एवढ्या फरकाने काय होते, तर जाखूवरच्या हनुमानाच्या देवळाचे आवार पांढरे होते आणि खाली लोअर बाजारात दुकानदार ताडपत्र्यांवरचे पाणी झटकीत बसतात. वृष्टी एकच, ढग एकच, हिमही एकच. परंतु एका ठिकाणी ते वितळण्यापूर्वी जमिनीला टेकले आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला सुमारे अडीचशे मीटरची उतरण अधिक पडली.

तापमापकाची साक्ष येथे अपुरी का पडते, हे समजण्यासाठी हवेच्या कोरडेपणाचाही हिशेब करावा लागतो. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कोरड्या हवेतून उतरणारे हिमही गार राहते : त्याच्या पृष्ठभागावरून बाष्प उडते, बाष्प होताना उष्णता खर्ची पडते, आणि ती स्वतः हिमाच्या अंगातूनही वजा होते. म्हणून हवा कोरडी असेल तर चार अंश तापमानालाही हिम जमिनीपर्यंत टिकल्याचे आढळते, आणि हवा बाष्पाने संपृक्त असेल तर दोन अंशांनाही निव्वळ पाऊस पडतो. नुसत्या तापमापकापेक्षा ओल्या कापडाने गुंडाळलेल्या फुग्याचा तापमापक या बाबतीत अधिक विश्वासाचा साक्षीदार ठरतो, कारण हवा बाष्पीभवनाने किती निवू शकेल हे तो सांगतो. त्याचा आकडा एका अंशाच्या खाली असला म्हणजे हिमाची आशा धरण्यास जागा असते. दमट, कोंदट, धुकट थंडी अंगाला अधिक झोंबते खरी, पण हिमाला तीच प्रतिकूल असते.

शिवाय वितळणारे हिम स्वतःच हवेला थंड करीत असते, ही या मामल्यातील आणखी एक खुबी. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. दहा मिलिमीटर पावसाइतके हिम जर एक किलोमीटर जाडीच्या थरात वितळले, तर हिशेबाप्रमाणे त्या थराचे तापमान सुमारे तीन अंशांनी खाली यावयास हवे. म्हणूनच दुपारी पावसाने सुरू झालेली जोरदार वृष्टी, वारा पडलेला असला तर, रात्रीपर्यंत हिमात पालटते : मागून येणाऱ्या हिमासाठी पुढे गेलेले हिम वाट थंड करून ठेवते. वृष्टी मंद असली तर हा खर्च भागत नाही. आणि समुद्राकडून किंवा मैदानाकडून उबदार वारा अखंड वाहत असला तर जेवढी थंडी मिळवली तेवढी तो धुऊन नेतो. किनाऱ्यावरच्या शहरांना हिमाने वारंवार हुलकावणी द्यावी आणि तेथून थोड्याच अंतरावर, आतल्या मुलुखात, रस्ते पांढरे व्हावेत, याचे कारण या वाऱ्यात शोधावे.

४

येथवर आपण असे गृहीत धरले की जमिनीकडे यावे तसतशी हवा उबदार होत जाते. हा क्रम जेथे बिघडतो, तेथे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. हिवाळ्यात जड, थंड हवा एखाद्या खोऱ्यात तळाशी अडकून पडते आणि तिच्या डोक्यावरून दूरच्या उष्ण समुद्रावरची दमट हवा सरकत येते. वर थंड, मध्ये उबदार, खाली पुन्हा थंड असे तीन थर होतात. ढगातून निघालेले हिम मधल्या थरातून जाताना वितळते. त्या थराचे तापमान एका अंशाच्या आत असले तर हिम थोडेसेच ओलावते आणि खाली येता येता सावरते; ते एक ते तीन अंशांच्या दरम्यान असले तर थेंबाच्या पोटात बर्फाचा काही अंश शिल्लक राहतो, आणि त्या अंशाच्या आधाराने खालच्या थंड थरात थेंब गोठून त्याची पारदर्शक कणी होते. परंतु मधला थर तीन अंशांच्या वर गेला तर बर्फाचा लवलेशही उरत नाही. मग खालचा थर शून्याच्या काही अंश खाली असला तरी गोठण्याला आरंभ करून देणारे कोणी नसल्यामुळे थेंब अतिशीत अवस्थेतच जमिनीवर येतो आणि फांदी, तार, छप्पर, रस्ता, ज्याला शिवेल त्यावर गोठतो. त्यातही पाच अंश अतिशीत असलेल्या थेंबाचा जेमतेम सोळावा हिस्सा तत्काळ गोठतो. कारण गोठताना तीच ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ती थेंबाला शून्यावर आणून ठेवते. उरलेले पाणी पसरते, ओघळते आणि मग सावकाश गोठते. म्हणून या पावसाचे बर्फ काचेसारखे नितळ, टणक आणि चिवट असते, आणि ते थरावर थर चढत जाते.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने या पावसाचे जे रूप पाहिले ते पुढे या शास्त्राच्या प्रत्येक ग्रंथात उदाहरण म्हणून येत राहिले. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा वरून वाहत होती आणि सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून ईशान्येकडची थंड हवा खाली सारखी भरली जात होती. नेहमी काही तासांत मोडणारी ही व्यवस्था या खेपेस ५ ते १० जानेवारीपर्यंत थांबत-थांबत टिकली, आणि माँट्रियालच्या दक्षिणेस काही ठिकाणी शंभर मिलिमीटरच्या घरात गोठता पाऊस पडला. दोन सेंटिमीटर व्यासाच्या तारेवर सर्व बाजूंनी चार सेंटिमीटरचा थर चढला, तर दर मीटरला सुमारे सात किलो वजन वाढते. दोन मनोऱ्यांत तीनशे मीटरचे अंतर धरले तर एकेका तारेवर दोन टनांहून अधिक. शेकडो पोलादी मनोरे गुडघ्यांत मोडल्यासारखे वाकले, हजारो लाकडी खांब कोलमडले, एकट्या क्वेबेकमध्ये तीस लाखांहून अधिक माणसे ऐन थंडीत विजेवाचून राहिली आणि सें-इयासँत, ग्रॅनबी व सें-जाँ-सुर-रिशल्यू या गावांच्या मधल्या टापूत तर वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. पंधरा हजारांहून अधिक सैनिक बंदोबस्ताला आणि मदतीला उतरवावे लागले. साखर देणाऱ्या मेपल वृक्षांच्या राया उद्ध्वस्त झाल्या. आणि हे सर्व घडत असताना शहरातील तापमापक शून्याच्या खाली होता! तेवढीच वृष्टी हिमाच्या रूपाने पडती तर माँट्रियालच्या नगरपालिकेने ती शिरस्त्याप्रमाणे उपसून काढली असती. घात थंडीने केला नाही. दीड-दोन किलोमीटर उंचीवरच्या, कोणाला न दिसलेल्या, काही अंश उबदार हवेने केला.

५

आता आपल्या घरच्या हिमाकडे वळू. हिमालयात हिवाळी वृष्टी आणतात ते पश्चिमी विक्षोभ : भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडून डिसेंबर ते मार्च या काळात ते एकामागून एक येत असतात. यांच्या येण्याच्या रीतीतच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. विक्षोभाच्या पुढच्या अंगाला दक्षिणेकडचे वारे वाहतात आणि ते अरबी समुद्रावरच्या ओलाव्याबरोबर ऊबही घेऊन येतात. खरी थंड हवा येते ती विक्षोभ पुढे सरकल्यावर, त्याच्या पाठीमागून, आणि ती बहुधा कोरडी असते. म्हणजे ओलावा हजर असतो तेव्हा थंडी पुरेशी नसते आणि थंडी दाखल होते तेव्हा ओलावा निघून गेलेला असतो. दोहोंची गाठ ज्या काही तासांत पडते तेवढ्यात शिमल्यासारख्या मधल्या उंचीच्या ठिकाणांना हिम लाभते. आकाश निरभ्र आणि थंडी कडाक्याची अशा दिवशी हिम का पडत नाही, याचाही उलगडा यातच होतो. शून्य अंशाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला पाच ग्रॅमांहून थोडे कमी बाष्प मावते आणि उणे वीस अंशांना सुमारे एकच ग्रॅम. रित्या खजिन्यातून मोठी रक्कम निघणार कोठून?

हिमालयातल्या या वृष्टीचे हिम झाले काय किंवा पाऊस झाला काय, दख्खनमधल्या माणसाने त्याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याला इतिहासाचा दाखला देता येतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाल्यानंतर पावसाचे भाकीत करता येईल काय, अशी पृच्छा सरकारने हवामान खात्याकडे केली, आणि त्या खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने १८८४ साली असे प्रतिपादन केले, की हिमालयात हिम अधिक पडलेल्या वर्षी पुढचा मान्सून दुबळा राहण्याचा संभव असतो. १८८६ पासून दरसालची भाकिते याच आधारावर सुरू झाली. पुढच्या अनुभवाने तो संबंध तितका निर्विवाद राहिला नाही. परंतु सोलापूरच्या शेतकऱ्याचा ज्येष्ठ-आषाढ आणि हिमालयाचा पौष-माघ यांचे परस्परांशी काही नाते असावे, ही शंका ब्लॅनफर्डच्या पुष्कळ आधी आपल्याकडे घेतली गेली होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे सांगितली आहेत ती याच शीतकालातील असून त्या गर्भाची वृष्टी १९५ दिवसांनी होते असा त्याचा हिशेब आहे. त्याची रुजुवात आधुनिक गणिताने होत नसली, तरी हिवाळ्याचे आकाश वाचून पावसाळ्याची चाहूल घेण्याची बुद्धी दोघांची एकच. हवामान खात्याचे मुख्य दप्तर १९०५ पासून शिमल्यात होते, ते १९२८ साली पुण्यास हलविण्यात आले. शिवाजीनगरातील त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात.

याहूनही निकडीचे कारण पाण्याच्या साठ्याचे आहे. डोंगरावर उतरलेले हिम ही निसर्गाने मुदतीवर ठेवलेली ठेव होय. ती चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमकी गरज असताना, सतलज, बियास आणि चिनाब या नद्यांच्या पात्रांत हप्त्याहप्त्याने जमा होते आणि भाक्रासारख्या धरणांना पाणी पुरविते. तीच वृष्टी पावसाच्या रूपाने आली तर काही तासांत वाहून जाते, जाताना उतार खचवते, आणि आधी पडलेल्या हिमावर पडली तर त्यालाही बरोबर घेऊन पूर आणते. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी मिळाल्यावाचून नीट मोहर येत नाही, आणि मुळांपाशी सावकाश मुरणारे हिमाचे पाणी त्याला पावसापेक्षा अधिक मानवते. हवेचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले म्हणजे हिम आणि पाऊस यांची सरहद्द डोंगरावर सुमारे दीडशे मीटर वर सरकते, हे वर दिलेल्या प्रमाणावरून कोणालाही काढता येईल. पृथ्वीचे तापमान औद्योगिक युगाच्या आरंभापासून एका अंशाहून अधिक वाढून चुकले आहे. तेव्हा जी ठिकाणे आजवर त्या सरहद्दीच्या काठावर नांदत आली त्यांच्या वाट्याला यापुढे गार पाऊस वाढत्या प्रमाणात येणार, हे भाकीत करण्यास ज्योतिषाची गरज नाही.

६

या पुस्तकाची मांडणी वरील क्रमानेच केली आहे. पहिल्या भागात ढग आणि हिमस्फटिक, दुसऱ्यात वितळण्याचा थर आणि त्याची मोजमापे, तिसऱ्यात गोठता पाऊस आणि त्याचे उत्पात, आणि चौथ्यात हिमालय असा विस्तार आहे. गणित शक्य तेथे शब्दांत उतरविले आहे. ज्याला आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने ते परिच्छेद सोडून पुढे गेले तरी विषयाचा धागा तुटणार नाही. ज्यांचा परामर्श अधिक सविस्तर घेता आला असता अशा गारा आणि कृत्रिम पाऊस या दोन विषयांना मुद्दाम थोडक्यात आवरले आहे. ते स्वतंत्र ग्रंथाचे धनी आहेत.

वाचकाकडे एकच मागणे आहे. हिमाची अपेक्षा असलेल्या दिवशी पाऊस पडला म्हणजे थंडी कमी पडली असा फैसला जमिनीवरच्या एका आकड्यावरून करू नये. माँट्रियालच्या तापमापकाने सहा दिवस खरे तेच सांगितले आणि तरीही खरे कारण त्याला ठाऊक नव्हते. शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, हवा कोरडी आहे की दमट, वारा कोणत्या दिशेचा आहे आणि मध्ये कोठे उबदार थर तर नाही ना, या चार गोष्टींची चौकशी करावी. आज बलून, रडार आणि उपग्रह यांच्या योगाने हवामान खात्याजवळ ही सर्व माहिती दररोज जमा होते. ती विचारणारे वाचक वाढले तर बातमीपत्रेही ती छापू लागतील, आणि या पुस्तकाचे सार्थक होईल.